टाकेबाईंनी चिकटवलेले मोती

पडदा वर जातो तेव्हा समोर माणूस एकही नाही. हा रंगमंचही नव्हे. रंगमंचाच्या पाठीमागचा लोखंडी जिना चढून गेलं की लागते ती ही खोली. नाटकमंडळी तिला कपडेपट म्हणतात. उजव्या भिंतीला एकीवर एक रचलेल्या त्रेचाळीस पेट्या. डावीकडे लांब दांडीवर लटकलेले तीन राजे, पाच भिकारी, एक सेनापती आणि दोन देवदूत. मुंडकं कुणालाच नाही. समोर उत्तरेची उंच खिडकी, खिडकीखाली शिवणाचं टेबल, टेबलावर इस्त्री, कात्र्या आणि पेपरमिंटची एक जुनी पत्र्याची डबी. मधोमध लाकडी पुतळ्याच्या अंगावर राणीचा जांभळा मखमली झगा. त्या झग्याच्या घोळात, थेट राणीच्या पायाशी, एक मांजर गाढ झोपलेलं. अंग पांढरं, पण नाकाखाली काळ्या मिशा अशा काही पिळदार उमटलेल्या की मंडळींनी त्याचं नाव खलनायक ठेवलं होतं.

सकाळचे दहा वाजलेले. प्रवेश करतात टाकेबाई.

वय एकाहत्तर. अंगानं काटकुळ्या, गळ्यात टेपची माळ, छातीवर टाचण्यांची रांग, चालणं इतकं ठाम की समोरच्यानं आपणहून बाजूला व्हावं. टाकेबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. थोरले मालक असताना एका प्रयोगात सेनापतीची विजार ऐन युद्धात उसवली. तेव्हा या बाईंनी विंगेतून हात बाहेर काढून, तो तलवार फिरवत असतानाच, सहा टाके घातले. सेनापती लढाई जिंकला आणि बाई टाकेबाई झाल्या. आजारी मावशीच्या जागी आठ दिवस काम करायला म्हणून एकोणिसाव्या वर्षी आल्या होत्या. त्या आठ दिवसांची बावन्न वर्षं झाली. नवरा इथलेच पडदे रंगवायचा. तो त्यांच्या आधी गेला. त्याची जंगलं, राजवाडे, समुद्र अजून दोरीला टांगलेले होते. बाई मात्र ते आता नीट पाहू शकत नव्हत्या.

ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती, असं टाकेबाईंना वाटत होतं. डावा डोळा दोन वर्षांपूर्वी विझला. उजव्याला जग दिसायचं ते वाफ धरलेल्या काचेतून दिसावं तसं. पण बाई पक्क्या होत्या. कोणत्या खणात कोणत्या रंगाचं रीळ, हे त्यांना पाठ होतं. कापड चिमटीत धरलं की कोणता राजा ते ओळखायच्या. सुईत दोरा ओवणं तेवढं जमत नव्हतं. त्यासाठी रोज सकाळी दहा सुया प्रॉम्प्टरपुढे ठेवायच्या. तो म्हातारा सगळं आयुष्य विंगेत उभा राहून कुजबुजत बोलला, म्हणून त्याला सगळे कुजबुजे म्हणत.

"अहो कुजबुजे, हात रिकामे ठेवले तर माणूस लवकर म्हातारा होतो. घ्या, ओवा."

"मी अठ्ठ्याहत्तरचा आहे, टाकेबाई."

"मग बघा, किती उशीर झालाय!"

ते निमूट ओवून द्यायचे.

लपवण्याला कारण होतं. धाकटे मालक वाईट माणूस नव्हते. पण त्यांचा एक नियम होता. कपडे बेतणाऱ्या जुन्या कटरचे हात थरथरायला लागले, तर त्याला त्यांनी आठवड्यात पुष्पगुच्छ देऊन घरी बसवलं. छान भाषण केलं, स्वतः रडलेसुद्धा. टाकेबाईंना जगात धास्ती होती ती त्या पुष्पगुच्छाची. घरी बसायचं म्हणजे भाचीकडे, तिसऱ्या मजल्यावर, जिथे खुर्ची आहे, उशी आहे, प्रेमही आहे आणि दिवसभर करायला काहीही नाही.

आता त्या राणीच्या कॉलरबद्दल. झग्याची ताठ उभी कॉलर थोरल्या मालकांच्या काळातली. तिच्यावर शिंपल्याचे बारीक मोती, तांदळाच्या दाण्याएवढे, चपटे, पिवळसर पांढरे. त्यांना भोक नव्हतं, त्यामुळे ते ओवलेले नव्हते, सरसानं चिकटवलेले होते. सरस जुना झाला की मोती गळायचे. टाकेबाई ते झग्याच्या घोळातून, गादीवरून, पेटीच्या झाकणावरून वेचायच्या आणि पेपरमिंटच्या डबीत टाकायच्या. मग खिडकीशी बसून बोटानं कॉलर चाचपायची, रिकामी जागा शोधायची, चिमट्यानं मोती ठेवायचा, वरून बोटातल्या अंगुस्तानानं दाबायचं. बावन्न वर्षांत त्यांनी या कॉलरचा एक मोती वाया जाऊ दिला नव्हता.

गेल्या चार महिन्यांत मात्र कॉलर फारच गळायला लागली होती. जिथे हात लावावा तिथे मोती. टाकेबाई वेचत होत्या, चिकटवत होत्या आणि तरी डबी रिकामी होत नव्हती. "जुना माल," त्या कुजबुजेंना म्हणाल्या, "भरभरून देतो."

त्या दिवशी दुपारी चारला त्या रंगपटात राणीसाहेबांना तयार करत होत्या. राणीसाहेब म्हणजे मंडळींची नायिका. एकोणीस वर्षं ती राणी वठवली, त्यामुळे आता घरचेसुद्धा तिला राणीसाहेब म्हणतात. आरशाभोवती दिवे लागलेले. टाकेबाई मागून हुक लावत होत्या, राणीसाहेब भुवई कोरत होत्या.

"टाकेबाई," भुवईवरची पेन्सिल न हलवता राणीसाहेब म्हणाल्या, "तुमचा एक मोती चालतोय."

"चालेल हो. तिसऱ्या रांगेच्या मागे कुणाला काय कळतंय?"

"तसं नाही. तो चालतोय. वर. माझ्या कानाकडे."

आणि मग राणीसाहेब किंचाळल्या. चौथ्या अंकातली त्यांची किंकाळी गावात गाजलेली; बाल्कनीतल्या शेवटच्या माणसाच्या अंगावर काटा यायचा. पण ती किंकाळी मेहनतीची होती. ही आपोआप आली, आणि तिच्यात सूर नव्हता. खुर्ची उलटली. पावडरीचा डबा फुटला. राणीसाहेबांनी कॉलर उपटून भिंतीवर फेकली आणि त्या टेबलावर चढून उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांना कुणी इतक्या चपळाईनं हललेलं पाहिलं नव्हतं.

धाकटे मालक धावत आले, कुजबुजे आले, सुतार हातोडीसकट आला. सगळे कॉलरभोवती वाकले. सुतार म्हणाला, "अरे बापरे." त्यानं हातोडी उगारली, मग कशावर मारायची ते न कळून खाली घेतली.

मोती आखडत होता, लांब होत होता, पुन्हा आखडत होता.

टाकेबाईही वाकल्या. त्यांना जांभळा रंग दिसला. त्यावर पांढरं काही तरी दिसलं. ते हलत होतं की त्यांचा डोळा, हे त्यांना कळेना.

जनावरांची डॉक्टरीणबाई दोन गल्ल्या पलीकडे बसायची. ती सायकलवरून आली, पायांत गमबूट, कारण मधूनच एका गाभण म्हशीकडून उठून आली होती. तिनं कॉलर पाहिली, गोंधळ पाहायला आलेल्या खलनायकाची शेपटी वर करून पाहिलं आणि विचारलं, "असे आणखी कुठे सापडलेत का?"

कुजबुजेंनी पेपरमिंटची डबी आणून दिली.

डॉक्टरीणबाईनं डबी पांढऱ्या कागदावर ओतली. भिंगातून पाहिलं. मग ड्रॉपरनं प्रत्येक दाण्यावर पाण्याचा एकेक थेंब सोडला आणि म्हणाली, "पाच मिनिटं थांबू या."

शिंपल्याचे मोती पाण्याखाली होते तसेच राहिले. बाकीचे फुगले. मऊ झाले. काकडीच्या बियांसारखे गुबगुबीत झाले. डॉक्टरीणबाईनं चिमट्यानं दोन ढीग केले. एका ढिगात एकेचाळीस दाणे, दुसऱ्यात एकशे त्र्याहत्तर.

"हे एकेचाळीस मोती," ती म्हणाली. "आणि हे जंत. म्हणजे जंताचे तुकडे. मांजराच्या आतड्यात फितीसारखा लांबलचक जंत असतो, त्याचं एकेक टोक तुटून शेपटीखालून बाहेर येतं. ताजं असलं की वळवळतं. वाळलं की असं दाण्यासारखं दिसतं. प्रत्येकात अंडी भरलेली असतात."

"कॉलरवर किती आहेत?" धाकट्या मालकांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईनं भिंग कॉलरवर फिरवलं. "वरच्या तीन ओळी बहुतेक सगळ्या." मग तिला राहवलं नाही. "पण काय सुरेख चिकटवलेत हो! एका रेषेत."

राणीसाहेबांनी गळ्याला हात लावला. टेबलावरून उतरल्या त्या थेट न्हाणीत गेल्या आणि अर्धा तास बाहेर आल्या नाहीत.

टाकेबाई उभ्या होत्या. त्यांच्या मनात एकच चित्र फिरत होतं. मोती बारीक, बोटांना सुईचे घट्टे. कोरड्या बोटाला तो चिकटायचा नाही. म्हणून वेचताना बोट जिभेला लावायचं, मग मोत्यावर टेकवायचं. चार महिने. बोट जिभेला, मोत्यावर, पुन्हा जिभेला.

"डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "ते तोंडात गेलं तर?"

"कुणाच्या?"

"असं विचारते आपलं."

"अंडी गेली म्हणून माणसाला काही होत नाही. हा जंत फिरतो पिसवांमधून. पिसवांच्या अळ्या ती अंडी खातात, मोठ्या होतात, मांजर अंग चाटताना पिसू गिळतं, की झालं, पोटात नवा जंत. कुत्र्यांचंही तसंच. माणसानं पिसूच गिळली तर गोष्ट वेगळी. लहान मुलांत होतं कधी तरी." तिनं टाकेबाईंकडे नीट पाहिलं. "तरी मी तपासून घ्यायला सांगेन. असं विचारणाऱ्यांना."



धाकट्या मालकांचा चेहरा आता पांढऱ्याचा लाल झाला होता. "बस्स. हे जनावर संध्याकाळच्या आत इथून गेलं पाहिजे. सुतार, पोतं आणा. पुलापलीकडे सोडून या. माझ्या नायिकेच्या गळ्यात याच्या पोटातला किडा! एकोणीस वर्षांचा प्रयोग, आणि या मांजरानं..."

"त्याला काय कळतं, मालक," सुतार म्हणाला. पण पोतं आणायला गेला.

कुणीही टाकेबाईंकडे पाहिलं नाही. हे त्यांना जाणवलं. सगळा राग मांजराच्या वाट्याला गेला होता. प्रत्येकाला वाटत होतं, इतके हुबेहूब दिसतात, कोणीही फसेल. फक्त डॉक्टरीणबाई दाणा बोटावर घेऊन उजेडात फिरवत होती, आणि तिचं न विचारलेलं बाईंना ऐकू येत होतं: मोती चमकतो, हे चमकत नाही, डोळे असलेल्या माणसाला हे चार महिने कसं दिसलं नाही?

गप्प राहिलं की सगळं मिटत होतं. मांजर जाईल, कॉलर धुतली जाईल, उद्या दहाला खिडकीखालचं टेबल आपलंच. पुष्पगुच्छ नाही. तिसरा मजला नाही. खलनायक आरशाखाली बसून मिशा चाटत होता. सात वर्षं त्यानं कपडेपटात एका उंदराला पाऊल टाकू दिलं नव्हतं.

सुतार पोतं घेऊन आला.

"ठेव ते खाली," टाकेबाई म्हणाल्या. मग धाकट्या मालकांकडे वळल्या. गेली वीस वर्षं त्या त्यांना अहोजाहो करत. आत्ता जिभेवर आला तो तू. कारण या माणसाची पहिली अर्धी चड्डी त्यांनीच शिवली होती. "मांजराला काढू नकोस. त्यानं टाकलं ते त्याच्या पोटातलं होतं. चिकटवलं ते मी, माझ्या हातानं. मला दिसत नाही."

"चष्मा बदलून..."

"चष्म्याचं नाही. डावा गेला. दोन वर्षं झाली. उजवा जायच्या वाटेवर आहे."

मग, माणूस धक्क्यात काहीही करतो, धाकट्या मालकांनी हात वर केला आणि बोटं दाखवली. "किती?"

"बोटं ठाऊक नाहीत. हात वर केलास ते कळलं, बाहीचा काखेतला टाका करकरला. उसवणार आहे तो."

धाकट्या मालकांनी हात खाली घेतला. त्यांनी कुजबुजेंकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"सुया," कुजबुजे कुजबुजले. "पहिल्याच दिवशी कळलं. सुया देताना त्या माझ्या डाव्या खांद्याशी बोलत होत्या."

टाकेबाईंना मघापासून बसलेल्या धक्क्यांत हा सगळ्यांत मोठा. दोन वर्षं त्यांनी ज्याला फसवलं, तो माणूस दोन वर्षं रोज दहा सुया ओवत, फसल्याचं नाटक करत होता. आणि त्यांना तो आयुष्यभर वाईट नट वाटत आला होता.

त्या संध्याकाळी प्रयोग झाला. राणीसाहेब उघड्या गळ्यानं उभ्या राहिल्या. टाकेबाई विंगेत कान देऊन उभ्या होत्या: आता कुणी तरी ओरडेल, कॉलर कुठे आहे? टाळ्या पडल्या, पडदा पडला, लोक घरी गेले. एकाही माणसानं विचारलं नाही. बावन्न वर्षं ज्या मोत्यांवर त्यांनी जीव टाकला, ते नव्हते हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. जंतांचा धक्का त्या पचवू शकल्या. हा पचवायला त्यांना बरेच दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी धाकट्या मालकांनी निर्णय सांगितला. बारीक काम आजपासून बंद. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते स्वतः घेऊन जातील. महिनाअखेर नवी टेलर येईल. "तोवर राहा. मग भाचीकडे... म्हणजे तुम्हाला आराम..." पुढचं भाषण त्यांना जमलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, डावा परत यायचा नाही. उजवा जपला तर आहे तेवढा राहील. मांजर मात्र राहिलं. त्याच्यापुरतं बाईंनी जिंकलं होतं.

खलनायकाला माशाच्या तुकड्यातून गोळी दिली. त्यानं मासा खाल्ला आणि गोळी शिताफीनं बाहेर काढून मालकांच्या बुटात ठेवली. दुसऱ्या खेपेला सुतारानं धरलं, डॉक्टरीणबाईनं घशात ढकलली. पिसवांसाठी मानेवर औषधाचे थेंब टाकायचे होते. कुजबुजे मदतीला धावले. त्यांच्या मेहुण्याच्या कुत्र्याचं औषध अर्धं उरलेलं होतं.

"हेच ना ते? कुत्रा केवढा मोठा आहे! याला अर्धं पुरे."

डॉक्टरीणबाईनं ती नळी हिसकावून घेतली. "अहो, जीव घ्यायचाय का याचा? यातलं औषध कुत्र्याला सोसतं, मांजराला नाही. थेंब मानेवर पडला की काही तासांत झटके यायला लागतात. अर्धं, पाव असलं काही चालत नाही इथे!"

कुजबुजे त्या संध्याकाळच्या प्रयोगापर्यंत सावरले नाहीत; एका नटाला वाक्य हवं होतं, तर त्यांनी भलत्याच नाटकातलं पुरवलं.

नवी टेलर आली. चांगली होती, वेगवान होती, सुईत दोरा न बघता ओवत होती. खिडकीखालचं टेबल तिला मिळालं. शिंपल्याचे खरे मोती उकळून, पुसून तिनं कॉलर नव्यानं बांधायला घेतली. टाकेबाईंनी निरोपाची पिशवी भरायला घेतली. चार कात्र्या, नवऱ्याचा एक ब्रश, झालं. बावन्न वर्षं एवढ्याशा पिशवीत मावतात, हे पाहून त्या पुन्हा एकदा हबकल्या.

आणि गोळीनंतरच्या चोविसाव्या दिवशी धाकटे मालक आपल्या खुर्चीत बसायला गेले, तर गादीवर एक पांढरा दाणा. दाणा आखडला आणि लांब झाला.

या वेळची किंकाळी मालकांची होती. राणीसाहेब नंतर म्हणाल्या, त्या किंकाळीत दम होता, माणूस वाया गेला.

डॉक्टरीणबाई आली. "मी तेव्हाच म्हटलं होतं. मांजराला औषध हे अर्धं काम. पिसवा कुठे तरी वाढतायत, हा रोज तिथे जातो. ती जागा सापडली पाहिजे. किती पेट्या आहेत?"

"त्रेचाळीस."

"सगळ्यांत पावडर मारायची?"

"मखमल, रेशीम, कलाबतू!" नवी टेलर कळवळली. "डाग पडतील. सगळं जाईल."

"मग सगळं जाळा," धाकटे मालक म्हणाले. ते अजून खुर्चीपासून लांब उभे होते. "मांजर घालवा आणि पेट्या जाळा. मला आता बसवत नाही कुठे."

टाकेबाई कोपऱ्यात स्टुलावर होत्या. हातात पिशवी. त्यांनी विचारलं, "पिसवा माणसाला चावतात ना?"

"चावतात की. कोषात गुपचूप पडून असतात, महिनोन् महिने. गरम अंगाची चाहूल लागली की बाहेर पडतात."

टाकेबाईंनी पिशवी खाली ठेवली. दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत वर सारल्या. पहिल्या पेटीचं झाकण उघडलं आणि उघडे हात काखेपर्यंत आत घातले.

"टाकेबाई! काय करताय?" डॉक्टरीणबाई ओरडली.

"डोळ्यांनी शोधायचं तर ते तुमचं काम. मला जे जमतं ते मी करते. गप्प बसा जरा, नीट कळू दे."

एका पेटीला दहा मिनिटं. नवी टेलर आणि सुतार पेट्या उतरवत होते, कुजबुजे घड्याळ बघून वेळ सांगत होते. पहिल्या दिवशी एकोणीस पेट्या झाल्या. काही नाही. राजे स्वच्छ, भिकारी स्वच्छ, देवदूतही स्वच्छ निघाले. धाकटे मालक दारात उभे राहून बघत होते. चारदा म्हणाले, पुरे करा. आत मात्र आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सत्ताविसावी पेटी. आठ वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका नाटकातली छावणी तिच्यात होती: घोंगड्या, खोट्या केसाळ कातड्या, सैनिकांच्या बंड्या. मागची फळी एका बाजूनं सुटलेली, मांजर आत शिरेल एवढी. टाकेबाईंनी हात घातले. आत ऊब होती. खोलगट, गोल, कुणी तरी रोज झोपून केलेली जागा हाताला लागली.

"तीन मिनिटं," कुजबुजे म्हणाले.

टाकेबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी दात आवळले.

"काढा हात!" डॉक्टरीणबाई म्हणाली.

"थांब. नुसती चाहूल आहे की घरच आहे, ते कळू दे." पाच मिनिटांनी त्यांनी हात बाहेर काढले. कोपरापासून मनगटापर्यंत लाल टिपके उमटत होते, एकापाठोपाठ एक. नवी टेलर तोंडावर हात ठेवून मागे सरकली. सुतार पुन्हा "अरे बापरे" म्हणाला. काही टिपके काळे होते आणि ते उड्या मारत होते.

"हीच," टाकेबाई म्हणाल्या. "फक्त हीच जाळा. बाकीच्या माझ्या पेट्यांना हात लावायचा नाही."

पेटी मागच्या अंगणात जाळली. खोलीच्या फटी गरम पाण्यानं आणि झाडूनं घासल्या. खलनायकाला पुन्हा गोळी दिली. डॉक्टरीणबाईनं बाईंच्या हातांना मलम लावलं, दंडापर्यंत पट्ट्या बांधल्या. पट्ट्या बांधता बांधता ती एकदम रडायलाच लागली. का, ते तिलाही सांगता येईना. टाकेबाईंनीच उलट तिला, नव्या डबीतली, एक पेपरमिंट दिली.

धाकटे मालक शेवटी आत आले. पिशवीपाशी थांबले.

"शिवण नाही हं, टाकेबाई. त्याबाबत मी ऐकणार नाही."

"मी कुठे म्हटलं?"

"पण अंगावर कपडे चढवणं, हुक, बंद, नाड्या. ते हातांचं काम आहे ना?"

"हातांचंच."

"मग ती पिशवी... वाटेत अडखळेल कुणी. रिकामी करा ती." एवढं बोलून ते गेले. जाताना बाहीचा काखेतला टाका उसवला, पण त्यांना कळलं नाही.

त्या संध्याकाळी दुसरी घंटा झाली. विंगेत अंधार. राणीसाहेब उभ्या, अंगावर जांभळा झगा, गळ्यात नवी कॉलर. मोती आधीपेक्षा कमी होते, पण सगळे शिंपल्याचे होते. त्यांनी ते खात्रीसाठी एकेक खरवडून पाहिले होते. टाकेबाई पट्ट्या बांधलेल्या हातांनी मागचे सात हुक लावत होत्या. बोट फिरवायचं, कड शोधायची, अडकवायचं. सातवा हुक बसला. तिसरी घंटा झाली.

राणीसाहेबांनी मान ताठ केली आणि सवयीनं मागे न बघताच विचारलं, "टाकेबाई, सरळ बसलीय ना?"

टाकेबाईंनी कॉलरवरून तळहात एकदा फिरवला. म्हणाल्या, "सरळ आहे की नाही ते आरशाला विचारा, राणीसाहेब. मला विचाराल तर, घट्ट आहे."